खाँसाहेबांचा सूर आणि मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे

मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले अब्दुल करीम खाँ वाटेतच गाडीतून उतरले. प्रकृती बिघडली होती. स्टेशनचं नाव सिंगपेरुमाळ कोईल, तारीख २७ ऑक्टोबर १९३७. सांगतात ते असं, की फलाटावरच बिछाना घातला, सूर जुळवून घेतला, दरबारीत प्रार्थना म्हटली आणि खाँसाहेब गेले. दफन मिरजेत झालं, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ. मिरज हे त्यांनी स्वतः निवडलेलं गाव.

जन्माचं गाव मात्र लांब, उत्तर प्रदेशातलं कैराना, साल १८७२. तरुणपणी ते भावासोबत बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी आले. तिथे माने सरदारांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागली. पुढे दोघांनी बडोदं सोडलं आणि मुंबई करून मिरजेत संसार थाटला. पाच मुलं झाली. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ही मुलं बापाच्या नावाने ओळखली गेली नाहीत. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे या नावांनी मराठी मुलखाने त्यांना डोक्यावर घेतलं. घर मोडलं त्याचं दुःख खाँसाहेबांच्या गाण्यात उतरलं असं म्हणायची पद्धत आहे. पण करुण सूर त्यांच्या गळ्यात आधीपासूनच होता.

सुराच्या बाबतीत हा माणूस हट्टी. तंबोरा लागेपर्यंत बैठक सुरू व्हायची नाही. वाद्य बिघडलं तर दुरुस्त करायला स्वतः बसत, आणि मिरज तर तंबोरे-सतारी घडवणाऱ्यांचंच गाव. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स बावीस श्रुतींचं गणित मांडत होते, तेव्हा त्या श्रुती गळ्यातून काढून दाखवायला खाँसाहेबच होते. भातखंड्यांना तो हिशोब पटला नाही. वाद मोठा झाला, आजही पूर्ण मिटलेला नाही.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य. त्यांच्यामागून गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर आले. नाव उत्तरेतल्या गावाचं, पण किराणा घराणं रुजलं ते मिरज, हुबळी, धारवाड या पट्ट्यात. खाँसाहेबांनी कानडी मुलखातून कर्नाटक संगीतही उचललं. हिंदुस्थानी गवयाने खरहरप्रियातली त्यागराजांची कृती तबकडीवर गावी, हे त्या काळी धाडसच होतं.

तबकडीशी त्यांची गाठ लवकर पडली. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, आणि १९०५ च्या सुमारास खाँसाहेब ग्रामोफोन कंपनीच्या कर्ण्यासमोर बसले. मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. ते मेण बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तिकडून लाखेच्या तबकड्या होऊन परत येई. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. ज्याचा एक राग तास-तास चाले, त्याने एवढ्यात काय दाखवावं? तीस वर्षांनी विजेचं ध्वनिमुद्रण आल्यावर ते ओडियनसाठी गायले. बसंत, झिंझोटीतली ठुमरी, 'मानापमान'मधली पदं. तीन मिनिटांत राग उभा करण्याची हातोटी तोवर पक्की झाली होती. कोवळ्या वयातल्या भीमसेनना घर सोडायला लावणारी म्हणून जी झिंझोटी सांगतात, ती त्यांना भेटली रेकॉर्डमधूनच. गुरू समोर नव्हता, फक्त लाखेचं एक वर्तुळ फिरत होतं.

पुढे हेच गाणं एलपीवर आलं, मग कॅसेटवर, मग सीडीवर. आता खिशातल्या फोनवर फुकट वाजतं, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. निपाणीतल्या मुलालाही इंदुरातल्या आजींइतकंच सहज ते मिळतं. घोळ आहे तो वेगळाच.

सुरुवातीच्या तबकड्यांचा वेग ठरलेला नव्हता. कोणती मिनिटाला सत्तरच्या आसपास फिरे, कोणती ऐंशीच्या. अठ्ठ्याहत्तर हा आकडा नंतर पक्का झाला. सरसकट अठ्ठ्याहत्तरवर वाजवून डिजिटल केलं, की सत्तरच्या वेगाने घेतलेलं गाणं जवळपास दोन अर्धस्वर वर चढतं. सुरांमधली नाती तीच राहतात, पण षड्ज सरकतो, लय पळते, आवाज चिरका होतो. खाँसाहेब मुळातच उंच पट्टीत गात, म्हणून ऐकणाऱ्याला चूक कळतही नाही. भोक जरा मध्यापासून हललेलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला सूर डुलतो, तिथे बावीस श्रुती कसल्या मोजायच्या? वर खरखर काढण्याच्या नादात सुराच्या कडेचा बारीक कंपही पुसला जातो. फोनवर रागाचं नाव असतं, साल नसतं, क्रमांक नसतो. तबकडीच्या लेबलाशेजारी मात्र लाखेतच उठलेला क्रमांक आहे, आणि ध्वनिमुद्रण केव्हाचं हे शोधायचं तर जाणकार तिथूनच सुरुवात करतात.

म्हणून डिजिटल प्रत झाली तरी मूळ तबकडी टाकून चालत नाही. उद्या चांगली सुई, चांगलं यंत्र येईल, ते याच खाचेतून आणखी काही काढेल. शंभरी ओलांडलेली लाख आजही वाजते. पंधरा वर्षांपूर्वीच्या हार्ड डिस्कबद्दल कोण तसं सांगेल? मुंबईत १९९० साली रेकॉर्ड जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली ती हाच माल भंगारात जाऊ नये म्हणून.

बेळगाव, हुबळी, बडोदं, ग्वाल्हेर इकडच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अजूनही असे गठ्ठे निघतात. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. वजनाने खालची तडकते. स्पिरिटने तर अजिबात पुसू नये, लाख त्यात विरघळते, आणि लाखेबरोबर खाचेतला खाँसाहेबांचा षड्जही.