प्लेगचें निदान करणारे डॉ. आकासिओ व्हिएगस

वाचकहो, गांवठाणाच्या वाटेवर जुना क्रूस लागला म्हणजे आपण क्षणभर थांबून हात जोडतों. वांद्र्यापासून साष्टीच्या अनेक गांवठाणांपर्यंत असे कित्येक क्रूस प्लेगच्या सांथींत आपल्या पूर्वजांनीं उभारले. त्या संकटाचें खरें नांव ज्यांनीं मुंबईस प्रथम सांगितलें, ते डॉक्टर आपल्याच ख्रिस्तसभेचे पुत्र होते. या ज्युबिलीच्या प्रसंगीं त्यांचें स्मरण करणें उचित होय.

डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म गोव्यांत बारदेश महालांतील हडफडें या गांवीं ता. १ एप्रिल १८५६ रोजीं झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून इ. स. १८८० सालीं वैद्यकीची पदवी घेऊन ते पुढें मांडवी भागांत व्यवसाय करूं लागले. मांडवी म्हणजे बंदरालगतची, धान्याच्या वखारींची व दाट चाळींची वस्ती. लोकांनीं त्यांस म्युनिसिपालिटीवरहि निवडून दिलें.

इ. स. १८९६ च्या पावसाळ्याअखेर या वस्तींत एक विलक्षण ताप येऊं लागला. जांघेंत व काखेंत गांठी उठत आणि थोडक्याच दिवसांत रोगी दगावत. ता. २३ सप्टेंबर रोजीं डॉ. व्हिएगस यांनीं हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असें निदान केलें. हें बोलणें सोपें नव्हतें. निदान चुकतें तर डॉक्टरांची अब्रू जाती. खरें ठरतें तर सबंध बंदराचा व्यापार धोक्यांत येता. तरी त्यांनीं मौन पत्करिलें नाहीं. पुढें तज्ज्ञांच्या चार स्वतंत्र मंडळ्यांनीं तपास केला व त्यांचें म्हणणें खरें ठरलें.

मग सरकारनें जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांस मुंबईस पाचारण केलें. त्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली व ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगीं टोंचून घेतली. इकडे लक्षावधि लोक शहर सोडून गेले. सक्तीच्या झडत्यांच्या व प्लेगच्या इस्पितळाच्या धास्तीनें लोक घरांतले रोगी लपवूं लागले. उंदरांच्या पिसवांपासून हा रोग पसरतो, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं इ. स. १८९८ मध्यें दाखविलें, परंतु डॉ. व्हिएगस यांनीं आरंभींच गलिच्छ वस्त्यांची सफाई व उंदरांचा नाश यांचा आग्रह धरिला होता. भयभीत लोकांत राहून त्यांनीं स्वहस्तें सुमारें १८,००० जणांस लस टोंचली, असें सांगतात.

इ. स. १९०६ सालीं ते मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी ख्रिस्ती गृहस्थ होत. इ. स. १९३३ मध्यें ते ख्रिस्तवासी झाले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा उभारण्यांत आला व काळबादेवी भागांतील एका रस्त्यास त्यांचें नांव देण्यांत आलें.

आपल्या पूर्वजांनीं क्रूसापाशीं गुडघे टेंकले. या डॉक्टरांनीं रोग्याच्या अंथरुणापाशीं सेवा केली. दोहोंतहि एकच श्रद्धा होती. पुढल्या खेपेस त्या क्रूसावर फुलें वाहतांना, ज्यांनीं अप्रिय सत्य वेळेवर सांगितलें त्या डॉक्टरांच्या आत्म्यासाठींहि एक प्रार्थना अवश्य करावी.