सावित्रीबाई आणि प्लेगची साथ

सावित्रीबाई फुले यांचे नाव निघाले, की १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा डोळ्यांसमोर येते. त्यांच्या आयुष्याचे अखेरचे पर्व मात्र शाळेत नव्हे, तर रुग्णांच्या उशापायथ्याशी घडले. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीराव फुले यांच्याशी विवाह झाल्यावर त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे स्वतः शिक्षिका झाल्या. फुले दाम्पत्याने काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी मायेने केली. तेथेच जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले आणि शिकवून डॉक्टर केले. १८७६-७७ च्या दुष्काळात भुकेलेल्यांसाठी अन्नछत्रे चालविण्यात त्यांचा पुढाकार होता. जोतीरावांच्या निधनानंतर, १८९० पासून सत्यशोधक समाजाच्या कार्याची धुरा त्यांनी वाहिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच साथ पुण्यात पोहोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण यांमुळे लोक इतके धास्तावले, की घरातील रुग्ण लपवून ठेवू लागले. अशा वेळी सावित्रीबाईंनी यशवंतरावांना बोलावून घेतले आणि पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. रुग्णांना तेथे आणण्याचे काम त्या स्वतः करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यातूनच त्यांना संसर्ग झाला. त्या वेळी त्यांचे वय ६६ वर्षांचे होते.

या धैर्याचे मोल कळण्यासाठी त्या काळच्या वैद्यकाची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण ती सर्वत्र पोहोचण्यास अवधी होता. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये तर खोकल्यातील तुषारांतून माणसाकडून माणसाला लागण होते. स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रभावी औषधे १९४० च्या दशकात आली. रुग्णाला कवेत घेणाऱ्या सेविकेजवळ तेव्हा ना परिणामकारक औषध होते, ना संरक्षणाची साधने.

सव्वाशे वर्षांनी, २०२० मध्ये करोनाच्या साथीत अतिदक्षता विभागातील परिचारिकांसमोर हाच धोका पुन्हा उभा राहिला. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या नळीतील स्राव काढताना, रुग्णाची कूस बदलताना त्यांना त्याच्या श्वासाइतके जवळ जावे लागे. फरक एवढाच, की या वेळी उपाय ठाऊक होते: हातांची स्वच्छता, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, चष्मा, झगा आणि ही साधने दूषित भागाला हात न लागता क्रमाने उतरविण्याची शिस्त. साथीच्या आरंभी अनेक ठिकाणी या साधनांचाच तुटवडा होता. एप्रिल २०२० मध्ये १८९७ च्या त्याच कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरला.

सावित्रीबाईंचे बलिदान थोर खरे. पण सेवा करणाऱ्याने प्राण द्यावा, ही समाजाची अपेक्षा असू नये. १८९७ मध्ये अज्ञानाचा इलाज नव्हता. ज्ञान हाती असताना परिचारिकेला साधनांवाचून रुग्णापाशी पाठविणे हा मात्र निव्वळ हलगर्जीपणा ठरतो. जी रुग्णाला जपते तिला आधी जपणे, हेच सावित्रीबाईंचे खरे स्मरण होय.