ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (जून १८२९ – ३१ जुलै १९१२) हे ब्रिटिश भारतातील सनदी अधिकारी, पक्षिशास्त्रज्ञ व वनस्पतींचे अभ्यासक होते. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ते प्रामुख्याने ओळखले जातात. भारतीय पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्येही त्यांची गणना होते. त्यांनी विज्ञानाला प्रथम परिचित करून दिलेल्या पक्ष्यांपैकी काही पुढे अनेक दशके कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत आणि नामशेष झाले असावेत असे मानले गेले. त्यांतील रानपिंगळा हा पक्षी ११३ वर्षांनंतर महाराष्ट्रात पुन्हा सापडला.

प्रारंभिक जीवन

ह्यूम यांचे वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश संसदेतील सुधारणावादी सदस्य होते. ॲलन यांचे शिक्षण हेलीबरी येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात त्यांनी वैद्यक व शल्यचिकित्सेचेही शिक्षण घेतले. १८४९ मध्ये ते भारतात आले आणि बंगाल सनदी सेवेत रुजू झाले. १८५३ मध्ये त्यांचा विवाह मेरी ॲन ग्रिंडल यांच्याशी झाला.

शासकीय सेवा

त्यांच्या सेवेचा आरंभीचा काळ आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात गेला. तेथे त्यांनी मोफत प्राथमिक शाळा सुरू केल्या. १८५७ पर्यंत अशा शाळांची संख्या सुमारे १८० झाली होती. त्या वर्षीच्या उठावात इटावा जिल्हा काही काळ ब्रिटिशांच्या हातून गेला व ह्यूम यांना तेथून माघार घ्यावी लागली.

१८६७ मध्ये त्यांची अंतर्गत जकात विभागाच्या आयुक्तपदी नेमणूक झाली. मिठाची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी उभारलेली सुमारे २,५०० मैलांची जकात सीमा आणि तिच्यावरील काटेरी कुंपण या विभागाच्या अखत्यारीत होते. या पदावर असताना घडलेला प्रवास त्यांच्या पक्षिसंग्रहाला उपकारक ठरला. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या महसूल, शेती व व्यापार खात्याचे ते सचिव झाले. शासकीय धोरणांवर स्पष्टपणे टीका करण्याच्या स्वभावामुळे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, १८७९ मध्ये, त्यांना या पदावरून दूर करण्यात आले. १८८२ मध्ये त्यांनी शासकीय सेवा सोडली.

पक्षिशास्त्रातील कार्य

ह्यूम यांनी सिमला येथील आपल्या रॉथनी कॅसल या निवासस्थानी पक्ष्यांचे खासगी संग्रहालय उभारले. सिंध, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप व मणिपूर या प्रदेशांत त्यांनी संग्रहासाठी मोहिमा काढल्या. १८७२ मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिशास्त्रीय नियतकालिक सुरू केले. दूरदूरच्या ठाण्यांवर नेमलेले अधिकारी त्यात आपल्या भागातील पक्ष्यांच्या नोंदी प्रसिद्ध करीत. खानदेशात सेवेस असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी याच नियतकालिकात दिली. अशा रीतीने ह्यूम यांच्याभोवती निरीक्षकांचे एक देशव्यापी जाळे तयार झाले.

त्या काळी पक्ष्याचा अभ्यास म्हणजे मुख्यतः त्याला मारून, त्याचे कातडे भरून नमुना तयार करणे असे. प्रत्येक नमुन्याला स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधली जाई. पुढे थिऑसॉफीच्या प्रभावाखाली ह्यूम यांनी मांसाहार सोडला आणि नमुन्यांसाठी पक्षी मारणेही थांबविले.

भारतीय पक्ष्यांवर सर्वंकष ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. मात्र १८८४-८५ च्या सुमारास त्यांच्या अनुपस्थितीत घरातील नोकराने अनेक वर्षांच्या टिपणांची हस्तलिखिते रद्दी म्हणून विकून टाकली. या हानीनंतर त्यांनी ग्रंथाचा संकल्प सोडला व आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊ केला. १८८५ मध्ये संग्रहालयाचे रिचर्ड बाउडलर शार्प सिमल्यास आले. पक्षी, अंडी व घरटी मिळून सुमारे ८२ हजार नमुने देवदाराच्या पेट्यांत भरून इंग्लंडला नेण्यात आले. लेखन नष्ट झाले, तरी चिठ्ठ्यांसह नमुने सुरक्षित राहिले. पुढील शोधांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

रानपिंगळ्याचा शोध व पुनर्शोध

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात एक छोटे घुबड मिळविले. नेहमीच्या पिंगळ्याशी त्याचे साम्य असले, तरी त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नव्हते आणि पाय जाड व पिसांनी झाकलेले होते. ह्यूम यांनी १८७३ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये त्याचे वर्णन केले आणि संग्राहकाच्या सन्मानार्थ त्याला हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी असे नाव दिले. त्यानंतर आणखी काही नमुने मिळाले. त्यांपैकी बहुतेक डेव्हिडसन यांनी खानदेशातील शहादा-तळोदा परिसरात गोळा केले होते. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची खात्रीची नोंद झाली नाही.

याला एकच अपवाद मानला जात असे. कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे वर्ष व गुजरातमधील मांडवी हे स्थळ लिहिलेले होते. १९७०च्या दशकात सालिम अली व एस. डिलन रिप्ले यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण त्यांना यश आले नाही. पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले. मायनर्ट्झहागेन यांचा नमुना तयार करण्याची पद्धत डेव्हिडसन यांच्या नमुन्यांशी जुळत होती. तो नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, खोट्या चिठ्ठीसह सादर केलेला होता. एका खोट्या चिठ्ठीमुळे नोंद तीस वर्षांनी पुढे सरकली होती आणि शोधकांचे लक्ष चुकीच्या ठिकाणी वळले होते.

मांडवीची नोंद बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी जुन्या, विश्वसनीय चिठ्ठ्यांवरील स्थळांचा मागोवा घेतला. पूर्वेकडील ठिकाणी पक्षी आढळला नाही. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना रानपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला दिसला. पुढील सर्वेक्षणांत तो मेळघाट, यावल व मध्य प्रदेशच्या काही भागांतही आढळला. २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातील त्याची नोंद प्रसिद्ध झाली. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीचे हे जंगल तुळिंज, नालासोपारा व विरार या दाट वस्तीच्या पट्ट्याच्या पूर्वेस आहे. त्यामुळे केवळ सातपुड्यापुरता मानला जाणारा हा पक्षी उत्तर कोकणालगतही टिकून असल्याचे स्पष्ट झाले. जंगलतोड व अतिक्रमण यांमुळे त्याचा अधिवास आक्रसत असून जागतिक सूचीत तो संकटग्रस्त आहे.

इतर हरवलेले पक्षी

ह्यूम यांनी १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात मिळविलेला मोठ्या चोचीचा वटवट्या (ॲक्रोसेफॅलस ओरिनस) हा दीर्घकाळ केवळ त्या एका नमुन्यावरून ज्ञात होता. २००६ मध्ये थायलंडमध्ये पकडलेल्या एका पक्ष्याच्या पिसांतील डीएनए ह्यूम यांच्या नमुन्याशी जुळला. त्यांनी १८८१ मध्ये वर्णिलेला मणिपुरी लावाही अनेक दशकांनंतर २००६ मध्ये आसाममधील मानस येथे दिसला. याउलट, त्यांच्या काळातच दुर्मीळ झालेल्या हिमालयीन लाव्याची १८७६ नंतर खात्रीची नोंद नाही.

राजकीय कार्य व उत्तरायुष्य

२८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईतील गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन ७२ प्रतिनिधींच्या उपस्थितीत भरले. त्याच्या आयोजनात ह्यूम यांचा पुढाकार होता व ते पुढे अनेक वर्षे संघटनेचे सरचिटणीस होते. १८९४ मध्ये त्यांनी भारत सोडला. इंग्लंडमध्ये ते वनस्पतिशास्त्राकडे वळले व १९१० मध्ये त्यांनी साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूटची स्थापना केली. ३१ जुलै १९१२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

स्मरण

१९७३ मध्ये भारतीय टपाल खात्याने ह्यूम यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. फायलोस्कोपस ह्यूमेई या वटवट्याचे नाव त्यांच्यावरून, तर ईशान्य भारतातील सिरमॅटिकस ह्यूमिए या फेजंटचे नाव त्यांच्या पत्नीवरून ठेवण्यात आले आहे. त्यांनी दिलेला संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जतन केलेला असून पक्ष्यांची ओळख पटविण्यासाठी व हरवलेल्या प्रजातींच्या शोधासाठी अभ्यासक आजही त्याचा उपयोग करतात.