दोनदा नापास, घर सोडून निघून गेले... रामानुजन यांना कुणी सावरलं?

श्रीनिवास रामानुजन म्हटलं की १७२९ हा आकडा आणि केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांना पाठवलेलं पत्र आठवतं. पण त्यांच्या गोष्टीत एक खचलेला विद्यार्थीही आहे, आणि तो दोनदा भेटतो. एकदा तमिळनाडूत, एकदा इंग्लंडमध्ये.

कॉलेजमध्ये काय बिनसलं?

जन्म २२ डिसेंबर १८८७, इरोड. वडील कापडाच्या दुकानात कारकून. शाळेत हुशार असलेल्या रामानुजन यांना १९०४मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. तिथे गणित सोडून कशातच लक्ष लागेना. इंग्रजीत नापास झाले, शिष्यवृत्ती गेली. ऑगस्ट १९०५मध्ये घरी न सांगता ते थेट विशाखापट्टणमला निघून गेले. घरच्यांनी वर्तमानपत्रातून शोध घेतला.

परतल्यावर मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात पुन्हा सुरुवात. एफएच्या परीक्षेत सगळे विषय सुटणं गरजेचं होतं. १९०६ आणि १९०७, दोन्ही वर्षं ते नापास झाले. पदवी नाही, नोकरी नाही. हातात फक्त गणिताच्या वह्या.

मदत कुठून आली?

एका मोठ्या माणसाने उचलून धरलं, असं झालं नाही. मित्रांनी राहायला जागा दिली, जेवू घातलं. १९१०मध्ये ते कारकुनीची नोकरी मागायला व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. सरकारी अधिकारी असलेल्या अय्यर यांनीच भारतीय गणित संस्था स्थापन केली होती. वह्या पाहून त्यांनी नोकरी दिली नाही, ओळखीची पत्रं दिली. त्या साखळीतून नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव भेटले आणि महिना २५ रुपये सुरू झाले. १९१२मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची नोकरी लागली. तिथले नारायण अय्यर संध्याकाळी पाटी घेऊन त्यांच्यासोबत गणित करत बसायचे. पैशांइतकीच ही सोबतही मोलाची होती.

मग केंब्रिजमध्ये काय झालं?

१९१४मध्ये रामानुजन ट्रिनिटी कॉलेजला पोहोचले. थोड्याच महिन्यांत महायुद्ध पेटलं. ते कट्टर शाकाहारी, स्वयंपाक स्वतःचा स्वतः करायचे. युद्धामुळे भाजी-दूध मिळणं अवघड झालं. थंडीत ते ओव्हरकोट घालून पलंगावर कुडकुडत झोपायचे, कारण ब्लँकेट गादीखाली खोचलेले असतात आणि आपण त्यांच्या आत शिरायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते दाखवलं प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. पुढे देशातले मोठे संख्याशास्त्रज्ञ झालेले महालनोबिस तेव्हा तिथे विद्यार्थी होते.

हार्डींशी गणिताच्या गप्पा व्हायच्या, घरच्या नाहीत. पत्नी जानकी यांची पत्रं सासूबाई पुढे जाऊ देत नसत, हे नंतर जानकींनीच सांगितलं. १९१७मध्ये रामानुजन आजारी पडले आणि आरोग्यधामांत एकटे राहू लागले. त्याच वर्षी ट्रिनिटीची फेलोशिप नाकारली गेली. १९१८च्या सुरुवातीला लंडनमध्ये त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. ते वाचले, पण पोलिसांच्या ताब्यात गेले. इंग्लंडमध्ये १९६१पर्यंत हा गुन्हा होता. हार्डी धावून आले. ते रॉयल सोसायटीचे फेलो आहेत, असं सांगून त्यांनी रामानुजन यांना सोडवलं. खरं तर निवड तेव्हा व्हायची होती!

हार्डींनी ती शिफारस आधीच केली होती. माणूस खचत चाललाय, थांबायला वेळ नाही, हे त्यांना दिसत होतं. मे १९१८मध्ये फेलो म्हणून निवड झाली, ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीची फेलोशिपही मिळाली. रामानुजन पुन्हा कामाला लागले.

मार्च १९१९मध्ये ते मुंबई बंदरात उतरले. आजार मात्र हटला नाही. शेवटचं वर्ष जानकी त्यांच्या उशाशी होत्या. वेदना होत असतानाही ते अंथरुणात पाटीवर गणितं सोडवत. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

(तुम्ही किंवा ओळखीचं कुणी मानसिक त्रासातून जात असेल, तर केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं.)