विश्लेषण : चिनी ग्राहकाला माल विकायचा कसा? जमशेटजी टाटांच्या व्यापारातून काय दिसते?

बाभुळगाव (यवतमाळ) : बाभुळगाव तालुक्यातला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. पुढचा प्रवास शेतकऱ्याच्या नजरेआड होतो, पण भाव बऱ्याचदा तिकडेच ठरतो. चीनने २०११ ते २०१३ या काळात कापसाचे प्रचंड साठे केले, तेव्हा भारतीय कापसाला मागणी आली. २०१४ मध्ये चीनने धोरण बदलले आणि मागणी घसरली.

चीनच्या बाजारावर अवलंबून राहण्याचा हा अनुभव नवा नाही. १९व्या शतकातही भारतीय व्यापारी चिनी ग्राहक मिळवत होते आणि गमावत होते. त्यांत एक मोठे नाव जमशेटजी टाटा यांचे. त्यांच्या आयुष्यातली ही बाजू पोलाद आणि ताजमहाल हॉटेलच्या गोष्टींमागे झाकली जाते.

चीनशी त्यांचा संबंध कसा आला?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत झाला. त्याच वर्षी ब्रिटन आणि चीन यांच्यात पहिले अफूयुद्ध पेटले. युद्धानंतर १८४२ मध्ये हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले आणि मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांना तिथे मोठे दार उघडले.

वडील नसरवानजी मुंबईत व्यापार करत. एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण संपवून जमशेटजी १८५९ मध्ये, वयाच्या २०व्या वर्षी, हाँगकाँगला पेढीची शाखा उभारायला गेले. इकडून कापूस आणि अफू जायची, तिकडून चहा, रेशीम, कापूर, तांबे यायचे.

अफूचा उल्लेख टाळून ही गोष्ट सांगता येत नाही. ब्रिटिश सत्तेच्या आधाराने तो व्यापार कायदेशीर झाला होता आणि मुंबईतल्या अनेक नामवंत घराण्यांची संपत्ती त्यातून आली. पण त्यात ग्राहकाची गरज ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. व्यसन लागले की गिऱ्हाईक परत येणारच. सुताचे तसे नाही. ते विकायचे तर विणकराच्या पसंतीला उतरावेच लागते.

व्यापारी माणूस गिरणीकडे का वळला?

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिथला कापूस अडकला आणि भारतीय कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. मुंबईत अनेक पेढ्या बुडाल्या. टाटांनाही जबर फटका बसला. कच्चा माल विकणारा दुसऱ्याच्या युद्धावर जगतो आणि दुसऱ्याच्या तहाने बुडतो, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

पुढे त्यांनी मुंबईत चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापड गिरणी केली आणि दोन वर्षांत विकली. इंग्लंडला जाऊन लँकेशायरच्या गिरण्या पाहिल्या. १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली आणि गिरणीसाठी मुंबईऐवजी नागपूर निवडले. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि १८६७ पासून मुंबईला जोडणारी रेल्वे, असा साधा हिशेब होता. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. आज त्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे.

चिनी ग्राहकाला नेमके काय हवे होते?

इथे थोडे तंत्र समजून घेऊ. सुताची जाडी 'नंबर'मध्ये मोजतात. ८४० यार्डांची एक लड धरली आणि एक पौंड सुतात अशा २० लडी बसल्या, तर ते २० नंबरचे सूत. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक.

लँकेशायरचा जोर बारीक सुतावर होता. चीनमधला मोठा ग्राहक मात्र घरच्या हातमागावर विणणारे शेतकरी कुटुंब होते. त्यांना थंडीत ऊब देणारे, शेतात टिकणारे जाडेभरडे कापड हवे होते. आखूड धाग्याच्या भारतीय कापसातून निघणारे २० नंबरच्या आतले जाड सूत त्यासाठी अगदी योग्य. हाताने सूत कातण्यात जाणारा वेळही वाचे. अनेक घरांत ताणा गिरणीच्या सुताचा आणि बाणा घरच्या सुताचा, असे विणकाम होई.

म्हणजे भारतीय गिरण्यांनी चीनला नवी आवड लावली नाही. विणकराच्या मागाला जे हवे होते तेच पुरवले. १८९० च्या दशकात चीनमध्ये येणाऱ्या परदेशी सुतात सर्वांत मोठा वाटा भारताचा होता.

पॅकिंगही ग्राहकाच्या मापात होते. चिनी बाजार 'पिकल' या वजनात चाले. एक पिकल म्हणजे सुमारे ६० किलो. सुताची गाठ ४०० पौंडांची, म्हणजे बरोबर तीन पिकलांची असे.

छापाला इतके महत्त्व का होते?

गाठीवरची इंग्रजी अक्षरे चिनी खेड्यातला विणकर वाचू शकत नव्हता. तो चित्र ओळखायचा. म्हणून सुताच्या पुड्यांवर रंगीत चित्रांची लेबले असत. एकदा एखाद्या छापाचे सूत चांगले निघाले की पुढच्या वेळी तोच छाप मागितला जाई. एक पुडा खराब निघाला तर तोच छाप बदनाम होई. पूर्वेकडच्या बंदरांत इंग्रज व्यापारी मालाच्या शिक्क्याला 'चॉप' म्हणत. तो शब्द आपल्याच 'छाप'वरून गेलेला आहे.

दर्जाची किंमत जमशेटजींना पुरती ठाऊक होती. एम्प्रेसमध्ये त्यांनी रिंग स्पिंडल लवकर आणले. जुन्या म्यूल यंत्रात पीळ देणे आणि गुंडाळणे आळीपाळीने चाले. रिंगमध्ये दोन्ही एकाच वेळी, न थांबता होते. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांना घेतली आणि तिला स्वदेशी मिल हे नाव दिले. यंत्रे जुनाट निघाली. गिरणी सावरायला काही वर्षे आणि स्वतःचा बराच पैसा घालावा लागला.

जहाजभाड्याची लढाई काय होती?

माल चांगला आणि छाप ओळखीचा असूनही भाडे जड असेल तर ग्राहकाच्या दारात तो महागच पडतो. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या वाहतुकीवर पी अँड ओ आणि तिच्या साथीदार युरोपीय कंपन्यांची पकड होती. टनामागे १९ रुपयांपर्यंत भाडे पडे.

१८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले आणि निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीशी करार केला. भाडे ठरले टनाला १२ रुपये. स्वतःही जहाजे भाड्याने घेऊन त्यांनी टाटा लाइन सुरू केली. पी अँड ओने आपले भाडे थेट दीड रुपयावर आणले. इतर व्यापारी स्वस्त भाड्याकडे वळले आणि टाटा लाइन थोड्याच काळात बंद पडली. जपानी कंपनी मात्र टिकली.

मग बाजार हातचा का गेला?

कारणे एकामागून एक आली. १८९३ मध्ये भारत सरकारने चांदीची नाणी खुलेपणाने पाडणे थांबवले. चीन चांदीवरच राहिला. त्यामुळे रुपया चिनी चांदीच्या तुलनेत महागला आणि भारतीय सूतही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर उठाव पेटला.

सर्वांत खोल घाव जपानचा होता. जपानने १८९४ मध्ये सुतावरचा निर्यात कर आणि १८९६ मध्ये कच्च्या कापसावरचा आयात कर काढला. भारतातून स्वस्त भाड्याने कापूस न्यायचा, त्याचे सूत कातायचे आणि शेजारच्या चीनमध्ये विकायचे, हे गणित जमले. त्यात १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने परदेशी कंपन्यांना चीनच्या बंदरांत कारखाने काढायची मुभा मिळाली. शांघायमध्येच सूत निघू लागले. भारतीय सुताची जागा हळूहळू गेली, भारतीय कापसाची मागणी राहिली. भाडे उतरवण्यासाठी जमशेटजींनी ज्या जपानी जहाजांना बोलावले, त्याच जहाजांनी स्पर्धकाला कच्चा माल पोहोचवला.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम इथे जमशेटजींचे निधन झाले. तोवर त्यांचे लक्ष पोलाद, वीज आणि विज्ञान संस्थेकडे वळले होते.

आज त्यातून काय घ्यावे?

चीनमध्ये माल विकणाऱ्या परदेशी उद्योजकाला आजही तीच परीक्षा द्यावी लागते. ग्राहकाची खरी सवय ओळखावी लागते, माल त्याच्या मापात आणि त्याच्या लिपीत द्यावा लागतो. छापाची नोंदणी आधी करावी लागते, कारण चीनमध्ये ट्रेडमार्कचा हक्क साधारणपणे प्रथम अर्ज करणाऱ्याला मिळतो.

कापूस उत्पादक भागासाठी मुद्दा याहून मोठा आहे. गाठीला छाप नसतो. ती कोणत्याही देशाची चालते, म्हणून खरेदीदार सहज बदलतो. सुताला, कापडाला ओळख असते आणि ग्राहक ती नाव घेऊन मागतो. पण ती ओळखही एकाच बाजारावर विसंबली तर टिकत नाही, हे १९०० च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांना कळले. बाभुळगावचा कापूस कुठपर्यंत कच्चा जातो आणि कुठून पुढे त्याला नाव मिळते, यावर त्याच्या भावाचे बरेच काही ठरणार आहे.