ई-मेल जन्माला यायच्या दोनशे वर्षं आधी स्पॅमचा बंदोबस्त करून ठेवणारा पाद्री

मैंदर्गी. सोलापूर जिल्ह्यातलं, अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेलगतचं गाव. इथल्या एखाद्या दुकानदाराचा मेल उघडला तर काय दिसेल? जीएसटीची आठवण, बँकेचं स्टेटमेंट, मालाचं बिल. आणि परदेशात कोट्यवधींची लॉटरी लागल्याची खबर? ती बहुतेक वेळा इनबॉक्समध्ये येतच नाही, परस्पर स्पॅममध्ये जाऊन पडते.

तिला तिकडं ढकलणाऱ्या गणिताचं मूळ शोधत गेलं की आपण थेट १८ व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पोचतो. माणसाचं नाव थॉमस बेज. धंद्यानं पाद्री.

बेजचा जन्म १७०१ च्या सुमारासचा. वडील जोशुआ हेही धर्मोपदेशक, पण राजमान्य चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या पंथाचे. अशा घरातल्या पोरांना तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळायची नाही. म्हणून १७१९ मध्ये बेज स्कॉटलंडला, एडिनबरा विद्यापीठात गेला. तिथं तर्कशास्त्र आणि धर्मशास्त्र शिकला. पुढं टनब्रिज वेल्स नावाच्या गावी प्रार्थनामंदिर सांभाळू लागला.

गणिताचा नाद मात्र सुटला नाही. १७३४ मध्ये बिशप बर्कली यांनी न्यूटनच्या कॅल्क्युलसवर टीकेची झोड उठवली. बेजनं १७३६ मध्ये न्यूटनच्या बाजूनं पुस्तक लिहिलं, तेही स्वतःचं नाव न घालता. १७४२ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. हयातीत त्याची पुस्तकं छापली गेली दोनच. एक हे, दुसरं धर्मावरचं.

त्याचं खरं काम कागदात पडून होतं.

प्रश्न असा होता. फासा कसा आहे हे माहीत असेल तर काय पडेल याचा अंदाज बांधता येतो. बेजनं हे उलटं केलं. काय पडलं ते समोर आहे, तर फासा कसा असेल? त्यानं एका सपाट टेबलाची कल्पना केली. टेबलावर एक चेंडू टाकला, कुठं थांबला ते ठाऊक नाही. मग एकेक चेंडू टाकत जायचं आणि तो पहिल्याच्या डावीकडं पडला की उजवीकडं, एवढंच विचारायचं. प्रत्येक उत्तरानिशी पहिल्या चेंडूच्या जागेचा अंदाज सुधारत जातो.

७ एप्रिल १७६१ रोजी बेज वारला. निबंध छापलेला नव्हता. नातेवाइकांनी कागद त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याच्याकडं दिले. प्राइसनं ते नीट लावले, त्यात स्वतःची भर घातली आणि रॉयल सोसायटीकडं पाठवले. डिसेंबर १७६३ मध्ये निबंध तिथं वाचला गेला. प्राइसनं गठ्ठा बांधून माळ्यावर टाकला असता तर हे नाव कुणाला कळलंही नसतं. पुढं फ्रान्सच्या लाप्लासनं १७७४ मध्ये हीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली आणि बरीच पुढं नेली. श्रेयाच्या वाटणीत त्याच्यावर थोडा अन्यायच झाला म्हणायचा.

आता थेट १९७८. ३ मे रोजी गॅरी थुर्क या अमेरिकी मार्केटिंगवाल्यानं कॉम्प्युटरची जाहिरात एकदम सुमारे ४०० जणांना मेल केली. हाच पहिला स्पॅम मानला जातो. मग पूर आला. सुरुवातीचे फिल्टर हातानं लिहिलेल्या नियमांवर चालायचे. एखादा शब्द अडवला की पाठवणारा स्पेलिंग बदलायचा. १९९८ मध्ये संशोधकांनी बेजचं गणित या कामाला लावलं आणि २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखामुळं ते सगळीकडं पसरलं.

ते चालतं असं. समजा १०० मेलमध्ये २० स्पॅम आहेत. ‘लॉटरी’ हा शब्द त्या २० पैकी १० मध्ये आहे आणि उरलेल्या ८० चांगल्या मेलपैकी फक्त एकात. नवा मेल वाचायच्या आधी तो स्पॅम असण्याची शक्यता २० टक्के. त्यात ‘लॉटरी’ दिसला की तसे ११ मेल, त्यातले १० स्पॅम, म्हणजे शक्यता एकदम ९० टक्क्यांवर. असे अनेक शब्द एकत्र तोलून निकाल लागतो. शब्द मराठी असो की कन्नड, गणिताला फरक पडत नाही, त्याला फक्त उदाहरणं लागतात.

ही उदाहरणं तुम्हीच देता. आज मोठ्या कंपन्या याच्या जोडीला इतर बरंच काही तपासतात, पण ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबणं म्हणजे अजूनही फिल्टरला शिकवणंच. नुसतं डिलीट केलं तर त्याला तितका स्पष्ट धडा मिळत नाही. उलटंही खरं. शिष्यवृत्तीचा किंवा नोकरीच्या मुलाखतीचा मेल स्पॅममध्ये सापडला तर ‘नॉट स्पॅम’ दाबा.

स्वतःचा नियमही लावता येतो. जीमेल कॉम्प्युटरवर उघडा (मोबाईल ॲपमध्ये ही सोय नाही), वरच्या सर्चच्या चौकटीतल्या फिल्टरच्या चिन्हावर क्लिक करा, पाठवणाऱ्याचा पत्ता किंवा शब्द टाका आणि ‘क्रिएट फिल्टर’ निवडा. फक्त ‘लोन’सारख्या शब्दावर थेट डिलीटचा नियम लावू नका, तुमच्या खऱ्या बँकेचा मेलही त्यात जाईल. त्यापेक्षा लेबल लावून बाजूला ठेवा. आणि आठवड्यातून एकदा स्पॅमचा फोल्डर चाळा, कारण जीमेल तिथले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसून टाकतं.