थोर शास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी

28 फेब्रुवारीला आपल्या शाळेत विज्ञान दिन झाला. सर सी. व्ही. रामन यांच्या फोटोला हार घातला. त्यांना 1930 साली नोबेल पारितोषिक मिळालं, ते मोठेच होते. पण आज मी ज्या बाईंची माहिती लिहिते आहे, त्यांना याच रामन साहेबांनी आधी प्रवेश नाकारला होता.

कमलाबाईंचा जन्म 1911 साली इंदूरला झाला. माहेरचं आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, ते पण बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. मोठ्या लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या बहीण.

1933 साली कमलाबाई मुंबईत बी.एस्सी. झाल्या. वडील जिथं शिकले तिथंच आपण शिकायचं म्हणून त्यांनी बंगलोरला अर्ज केला. तेव्हा तिथले संचालक रामन होते. मार्क चांगले होते, पण मुलगी आहे म्हणून अर्ज परत आला. कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. थेट बंगलोरला गेल्या आणि गांधीजींच्या वाटेनं सत्याग्रह धरला. शेवटी रामन साहेबांनी घेतलं, पण अटी घालून. पहिलं एक वर्ष रीतसर विद्यार्थी धरणार नाही, काम पटलं तरच पुढचं बघू. आणि तुमच्यामुळे तिथल्या मुलांचं लक्ष उडता कामा नये. हे वाचून मला लई राग आला. मुलांचं लक्ष उडालं तर ती मुलांची चूक ना!

आमच्या शेजारच्या ताईला दहावीनंतर सायन्स घ्यायचं होतं. घरातले म्हणत होते, पोरीला एवढं कशाला. ताईनं दोन दिवस हट्ट धरला तेव्हा आटपाडीला नाव घातलं. म्हणून मला कमलाबाईंचं हे सगळं समजतं.

वर्षभर कमलाबाईंनी श्रीनिवासय्या नावाच्या गुरुजींच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. काम एवढं चांगलं की रामन साहेबांचं मत बदललं आणि मग दुसऱ्या मुलींनाही तिथं घेऊ लागले. 1936 साली त्या एम.एस्सी. झाल्या.

पुढं त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथं त्यांनी विकरांचा अभ्यास केला. विकर म्हणजे काय ते बाईंनी आम्हाला असं सांगितलं. गावात सोयरीक जमवणारा माणूस असतो. तो दोन घरं जोडतो, लग्न लागलं की पान खाऊन दुसऱ्या गावाला मोकळा. त्याचं स्वतःचं काही खर्च होत नाही. रसायनात असं काम करणाऱ्याला उत्प्रेरक म्हणतात. आपल्या अंगातले आणि झाडापाल्यातले असे उत्प्रेरक म्हणजे विकरं. तुम्ही करून बघा. भाकरीचा घास तोंडात खूप वेळ चावत राहा, गोड लागायला लागतो. लाळेतल्या विकरामुळे पिठाची साखर होते. मी डबा खाताना केलं, खरंच गोड लागलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी मी एकच घास चावत होते.

केंब्रिजला कमलाबाई बटाट्यावर काम करत होत्या. त्यात त्यांना सायटोक्रोम-सी नावाचा पदार्थ सापडला. पेशीच्या श्वसनात तो लागतो. झाडाच्या पेशीत पण तो असतो हे त्यांनी दाखवलं. म्हणजे बटाटा पण श्वास घेतो! त्यांचा प्रबंध फक्त 40 पानांचा होता. तेवढ्यावर 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

तिथं राहिल्या असत्या तर नाव झालं असतं, पण त्या 1939 सालीच परत आल्या. दिल्लीला लेडी हार्डिंग कॉलेजात आणि मग कुन्नूरला आहाराच्या प्रयोगशाळेत काम केलं. 1947 साली सोहोनींशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. तिथं विज्ञान संस्थेत शिकवायला लागल्या.

मला त्यांचं मुंबईतलं काम जास्त आवडलं, कारण ते आपल्या ताटातलं आहे. कच्च्या कडधान्यात एक पदार्थ असतो, तो आपल्या पोटातल्या विकराला अडवून धरतो. मग प्रथिनं नीट पचत नाहीत. शिजवलं की त्या पदार्थाचा जोर जातो. आजी पावटा शिजल्याशिवाय हात लावू देत नाही, तिला कुणी केंब्रिजला शिकवलं नव्हतं. नीरेचा अभ्यासही त्यांनी केला. नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह असतं, अशक्त आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. पुढं त्या त्या संस्थेच्या संचालक पण झाल्या. ज्या खुर्चीवरच्या साहेबांनी एकदा नाही म्हटलं, तसलीच खुर्ची!

1969 साली त्या निवृत्त झाल्या. घरी बसल्या नाहीत, ग्राहकांच्या संस्थेत जाऊन खाण्यातली भेसळ तपासायच्या. 1982-83 साली त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. 1998 साली दिल्लीला त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत वारल्या.

इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, ता. आटपाडी